खऱ्या लग्नाची फाइल

सुज्ञ वाचकहो, नम्रतापूर्वक निवेदन करतो की, सांगवी येथील एका तरुणाने व त्याच्या सातासमुद्रापार नोकरी करणाऱ्या पत्नीने, वकिलाची पायरी न चढता, आपल्या विवाहाचा पुरावा परक्या देशाच्या सरकारपुढे कोणत्या रीतीने मांडला, त्यात कोणती चूक केली आणि ती कशी निस्तरली, हे या कथेत यथामती सांगितले जाईल. यात राजे नाहीत, लढाया नाहीत. तथापि त्या दिवसांत सांगवीतील एक गल्ली आणि चाकणला जाणारी एक बस ज्या उत्साहाने भारून गेली होती, तसा उत्साह प्रस्तुत लेखकाने उभ्या आयुष्यात क्वचितच पाहिला आहे. असो. प्रारंभ करतो.

"पिवळा नको, पिवळा जूनमध्ये झाला! मेसाठी तो चौकडीचा घाल," धम्मपालचा मित्र सिद्धेश याने फर्मान सोडले.

धम्मपालने अंगातला शर्ट डोक्यावरून ओढून काढला व चौकडीचा चढवला. रविवारची सकाळ होती. खोलीतील भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर होती आणि तिच्या खाली कॅलेंडर. त्या कॅलेंडरशी स्टुलावर उभी राहून धम्मपालची आई कस्तुराबाई मोठ्या निष्ठेने एकेक पान मागे उलटीत होती. पिठाच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केलेला होता. धम्मपालने त्याच्यापुढे बसून पत्नीशी चार शब्द बोलावे, सिद्धेशने बाजूने त्या पडद्याचा फोटो टिपावा, मग "नेटवर्क गेलं वाटतं" असे म्हणून फोन बंद करावा, शर्ट बदलावा, महिना बदलावा आणि पुन्हा फोन लावावा, असा क्रम चालला होता.

खाटेवर बसून चहा पिणारे धम्मपालचे वडील भिवा हे सर्व पाहत होते. पिंपरीच्या एका जुन्या कारखान्यातून ते निवृत्त झाले होते.

"अर्ध्या घंट्यात वरीस मागं नेलं पोरांनी," ते म्हणाले. "आता माझं केस बी काळं करून टाका."

"तुमी गप बसा," कस्तुराबाई स्टुलावरून म्हणाली. "सरकारी काम हाय ते. मे आला का बघ रे, सिद्धेश."

"आला काकू. आता थेट फेब्रुवारी घ्या, मधले दोन राहू देत. ऑडिटर कधी सगळे महिने बघत नाही."

फोन पुन्हा लागला. पडद्यावर मिनल दिसू लागली. कॅनडातील एका गावी वृद्धाश्रमात ती परिचारिका होती. तिकडे शनिवारची रात्र होती, केस ओले होते आणि हातात भाताची वाटी होती.

"किती वेळा कटतोय रे फोन? आणि तू सकाळपासून कितीदा अंघोळ केलीस? दर वेळी नवा शर्ट!"

"उकडतंय इकडे. मिनल, जरा स्वेटर घालून ये ना."

"स्वेटर? हीटर लावलाय मी."

"घाल ना, थंडी असते ना फेब्रुवारीत…"

वाक्य तोंडातून निसटले आणि धम्मपालने जीभ चावली. मिनलने वाटी खाली ठेवली, चेहरा पडद्याजवळ आणला आणि नवऱ्याच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे निरखून पाहिले.

"आई," ती शांतपणे म्हणाली, "गणपती होऊन गेले ना आपल्याकडे? मग भिंतीवर फेब्रुवारी कसा?"

कस्तुराबाई स्टुलावरच थिजली. सिद्धेश हँगरला लावलेले शर्ट पाठीमागे लपवून दाराकडे सरकू लागला.

"सिद्धेशभाऊजी, पुढे या. काय चाललंय हे?"

"काही नाही वहिनी, ऑडिटची तयारी," सिद्धेश म्हणाला.

वाचकहो, या ठिकाणी थोडे थांबून खुलासा करणे अगत्याचे आहे, नाहीतर आपण धम्मपाल व सिद्धेश या दोघांना लबाड समजाल, आणि ते लबाड खचित नव्हते. चाकणच्या ज्या कंपनीत गाड्यांचे सुटे भाग तयार होतात, तेथे हे दोघे क्वालिटी खात्यात मालाची तपासणी करीत. माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीचे ऑडिटर येणार असले की आठवडाभर आधी तेथे एकच धांदल उडते. कोणत्या दिवशी कोणते माप घेतले याचे तक्ते असतात, आणि कामाच्या रेट्यात त्यातील कित्येक रकाने कोरे राहिलेले असतात. मग एका दुपारी सारे जण टेबलाभोवती बसतात, कोणी निळे पेन घेतो, कोणी काळे, म्हणजे एकाच दिवशी लिहिल्यासारखे दिसू नये, आणि मागचे रकाने भरून काढतात. माल खरा असतो. मोजमापही घेतलेले असते. लिहायचे तेवढे राहून गेलेले असते.

धम्मपालचा विचारही याच वळणाने गेला होता. मिनलशी त्याचे बोलणे रोज होत होते, ही गोष्ट सूर्यप्रकाशाइतकी सत्य होती. फक्त त्या बोलण्याचे फोटो काढायचे राहून गेले होते. तेव्हा कोरे रकाने भरण्यात गैर ते काय?

हे त्याने पत्नीला जमेल तसे समजावून सांगितले. त्याचे बोलणे संपल्यावर ती म्हणाली, "गल्लीतल्या लोकांची पत्रं घेतलीस, ती वाच बरं एखादं."

धम्मपालने फाइल उघडली. फाइल देखणी होती. रंगीत पुठ्ठ्यांनी भाग पाडले होते, पानापानाला चिठ्ठी होती. त्याने वाचले, "मी सदर दांपत्यास चांगल्या प्रकारे ओळखतो किंवा ओळखते. त्यांचा विवाह खरा असून ते परस्परांवर अतोनात प्रेम करतात."

"पुढचं वाच."

"मी सदर दांपत्यास…" धम्मपालचा आवाज खाली गेला. सर्व पत्रे सिद्धेशने एकाच नमुन्यावरून छापून घेतली होती. शेजाऱ्यांनी रिकाम्या जागी नाव घालून सह्या केल्या होत्या.

"तो एजंट आठवतो तुला?" मिनलने विचारले.

एजंट कोणाच्याही विस्मरणात जाण्यासारखा नव्हता. लग्नानंतर लगेच दोघे पिंपरीतील एका सल्लागाराच्या थंडगार कार्यालयात गेले होते. मिनलपाशी कॅनडात कायम राहण्याचा परवाना होता, त्यामुळे नवऱ्याची प्रायोजक होऊन त्याला बोलावून घेण्याचा हक्क तिला होता. पण हे लग्न नावापुरते नाही, ही खात्री तेथील अधिकाऱ्यास पटवून द्यावी लागते. सल्लागाराने लग्नाचे फोटो चाळले. पांढऱ्या साडीतील वधू, पुष्पहार, मेणबत्त्या, वंदना घेणारे भन्तेजी, समोर हात जोडून बसलेली माणसे. "फोटो कमजोर आहेत," तो म्हणाला होता. "यात सप्तपदी नाही, होम नाही. बाहेरच्या अधिकाऱ्याला हे लग्न वाटणारच नाही. एक दिवस हॉल घ्या, लाल शालू नेसा, विधी करून नवे फोटो काढा. बाकी मी बघतो." त्यावर तळेगाव दाभाड्याची मिनल ताडकन उठली होती. "आमचं लग्न त्रिशरण-पंचशील म्हणून झालंय. झालंय तसंच लिहू, आणि आम्हीच लिहू," असे सांगून तिने फोटो उचलले होते. वकील न करण्याचा निश्चय त्या पायऱ्या उतरतानाच पक्का झाला होता.

"त्याच्यात आणि तुझ्यात फरक काय राहिला?" मिनल म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज स्थिर होता. "खोटं सापडलं तर पाच वर्षं दार बंद. हे तुला ठाऊक आहे. आणि नाही सापडलं तर? आपल्या खऱ्या लग्नाची फाइल खोटी, हे घेऊन मी तुझ्याबरोबर म्हातारी होऊ? हे सगळं फाडत नाहीस तोवर प्रायोजकाच्या अर्जावर माझी सही नाही."

पडदा काळा झाला. या वेळी नेटवर्क गेले नव्हते.

"फाइल तर एक नंबर झाली होती, राव," सिद्धेश हळूच म्हणाला.

कस्तुराबाई स्टुलावरून उतरली. तिने कॅलेंडर पुन्हा चालू महिन्यावर आणून ठेवले आणि म्हणाली, "आमच्या लग्नाला तर फोटुवालाच न्हवता. मग काय, आमी खोटं नवरा-बायको हाय का?"

"त्ये मला इचारू नगंस," भिवा म्हणाले. पण कोणी हसले नाही.

आता बसविषयी सांगितले पाहिजे. कारण या कथेचे खरे घर म्हणजे ती बस होय.

कंपनीची बस पहाटे सांगवीतून निघते, कासारवाडी, भोसरी, मोशी अशी माणसे घेत इंद्रायणीचा पूल ओलांडते आणि चाकणला पोहोचते. सोबत्यांशी अदलाबदल करून धम्मपाल होता होईल तो पहिलीच पाळी घेत असे. ज्या वेळी ही बस सुटे, त्याच वेळी तिकडे मिनल काम आटोपून घरी आलेली असे. कंपनीच्या फाटकापाशी मोबाइल जमा करावा लागतो, म्हणून जे काही बोलायचे ते बसमध्येच. लग्नानंतर ती परत गेली, त्या पहिल्या आठवड्यातच तिने म्हटले होते, "तुझं तोंड काय रोजचंच आहे. मला रस्ता दाखव." दिवसभर बर्फ आणि म्हातारी माणसे पाहून तिचा जीव आंबून जात असे. तेव्हा धम्मपालने फोन खिडकीच्या काचेला टेकवून, मागच्या कॅमेऱ्याचे तोंड बाहेर करून उभा केला. त्यासाठी खिडकीकडची जागा मोकळी लागे. फोन डब्याच्या पिशवीवर बसे आणि धम्मपाल शेजारी. प्रारंभी लोकांनी चेष्टा केली. पुढे तो रिवाजच पडला. बस कितीही भरली, माणसे दांड्याला धरून उभी राहिली, तरी डावीकडच्या त्या खिडकीशी कोणी बसत नसे. पूल आला की मागच्या बाकावरून आरोळी उठे, "वहिनी, इंद्रायणी!" आणि फोनमधून उत्तर येई, "दिसली, दिसली! आज पाणी किती आहे!"

त्या सोमवारी धम्मपालने फोन लावला. मिनलने उचलला नाही. त्याने तसाच तो काचेला टेकवून ठेवला. कासारवाडी गेली.

"वहिनी नाहीत आज?" दादासाहेबांनी विचारले. ते पेंटशॉपमधील जुने कामगार होते आणि बसमध्ये त्यांचा शब्द मोठा मानला जाई.

"रेंज नाही," धम्मपाल म्हणाला.

"रेंज तुझ्या तोंडावर पण दिसत नाय, भावा," मागून कोणी म्हणाले.

मंगळवारीही तेच झाले. तेव्हा मात्र सिद्धेशला राहवेना आणि त्याने शर्टांची, कॅलेंडरची, स्वेटरची सर्व हकीकत भर बसमध्ये सांगून टाकली. आधी हशा पिकला. "फेब्रुवारीत शर्ट कुठला रे?" "मार्चला तर शर्टच नव्हता, उन्हाळा!" असे टोमणे चारी बाजूंनी येऊ लागले. मग हळूहळू हसू विरले, कारण धम्मपाल खिडकीकडे तोंड करून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते.

"माझ्याकडं दुसरं आहे काय?" तो म्हणाला. "लग्न झाल्यावर महिनाही एकत्र राहिलो नाही. चॅट उघडला तर 'बस आली', 'जेवलीस का', 'हरभरे भिजवले का'. यात प्रेम कुठाय? काय दाखवू मी त्या साहेबाला?"



बुधवारी भोसरीच्या थांब्यावर गर्दी फार होती. नव्याने रुजू झालेला एक फिटर बसमध्ये चढला, धापा टाकत पुढे आला आणि डाव्या बाजूची मोकळी खिडकी पाहून आनंदाने तिकडे वळला. फोन त्या दिवशीही काळाच होता. फिटर बसण्यासाठी वाकला, तोच बसच्या चारी कोपऱ्यांतून एकदम ओरड झाली.

"ए! ए! तिथं नाय!"

"उठ रे, वहिनींची जागा आहे ती!"

फिटर दचकून उभा राहिला. "कुठायत वहिनी?" त्याने विचारले. "चढणारेत का पुढं?"

"कॅनडात असतात," दादासाहेब गंभीरपणे म्हणाले. "तू माझ्या जागेवर बस. मी उभा राहतो."

आणि ते खरोखर उठून उभे राहिले. फिटर गोंधळून त्यांच्या जागी बसला. बस मोशीकडे निघाली. पुढे चालकाच्या डोक्यावरील आरशात धम्मपालचा चेहरा दिसत होता. तो आधी दादासाहेबांकडे पाहत राहिला, मग त्या मोकळ्या जागेकडे, मग दांड्याला धरून डोलणाऱ्या इतर माणसांकडे. लोखंडाच्या तुकड्यावर चूक शोधणारा तपासनीस जसा एकाएकी तुकडा उजेडाकडे धरतो, तसे काहीतरी त्याच्या तोंडावर झाले. तो जागेवरून उठला.

"बबनराव, हॉर्न नका वाजवू थोडा वेळ," त्याने चालकाला सांगितले आणि फोनवर निरोप बोलू लागला. "मिनल, ऐक. मी मूर्ख आहे. आज तू नव्हतीस, काल नव्हतीस. पण तुझ्या जागेवर कुणी बसलं नाही. दादासाहेब उभे आहेत. सगळे उभे आहेत, आणि तुझी जागा मोकळी आहे. मी ते सगळे कागद फाडतो. आपण हे लिहू. फक्त हे."

"आणि हरभरे लिही!" मागून कोणी ओरडले.

"वहिनी, इंद्रायणी!" दुसऱ्याने आरोळी दिली, कारण पूल आला होता. ती आरोळी निरोपात जशीच्या तशी गेली.

गुरुवारी पहाटे सांगवीहून बस सुटण्यापूर्वीच धम्मपालचा फोन वाजला. पुढे जे झाले त्याचे वर्णन करण्यास माझी लेखणी अपुरी आहे. एवढेच सांगतो की, त्या दिवशी लोक कारखान्याच्या फाटकातून आत शिरले ते वरातीतून आल्यासारखे.

त्यानंतरचे दिवस पंख लावून उडाले. मिनलने तिकडून सरकारी याद्या पाठवाव्यात आणि धम्मपालने एकेक कागद उभा करावा. पोलिसांचा दाखला, विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र, शाळा सोडल्यापासून आजपर्यंत कोठे राहिला व काय केले याचा खाडा न पडता हिशेब. हे सारे त्याने स्वतः रांगेत उभे राहून मिळवले. "लग्नात रूढीप्रमाणे असणारे काही विधी झाले नाहीत काय?" अशा अर्थाचा एक प्रश्न होता. त्यावर दोघांनी फोनवर बसून एक पूर्ण पान लिहिले. आम्ही बौद्ध आहोत, आमच्यात लग्न असे लागते, पांढरे वस्त्र का, मेणबत्ती का, कोणी कोणते वचन दिले, सर्व. ते पान लिहिताना मिनल म्हणाली, "धम्मपाल, मला पुन्हा लग्न लागल्यासारखं वाटतंय," आणि तो लाजला.

जुनी पत्रे गच्चीवर फाडली. नव्या पत्रांना नमुना नव्हता. ज्याने त्याने आपल्या अकलेने लिहायचे, एवढाच नियम. गल्लीतील वासंतीबाई या निवृत्त शिक्षिका, त्यांनी फक्त अक्षर वाचता येते की नाही तेवढे पाहिले. एक शब्दही बदलला नाही. इंग्रजी भाषांतर प्रमाणित अनुवादकाकडून करवून घेतले.

कस्तुराबाईने तोंडाने सांगितले आणि वासंतीबाईंनी लिहून घेतले.

"लिवा बाई, पोरगी लगीन होऊन घरात आली, तवा पयलं तिनं माझी टाच बघितली. भेग पडून पू झाला व्हता. कुणाला दाखवली न्हवती मी, ह्यांना बी न्हाई. नव्या नवरीनं हळदीच्या हातानं माझा पाय मांडीवर घ्यून धुतला. आजून रोज इचारती, आई, टाच दाखवा. मी फोनाला टाच दावते. आता ह्यो पुरावा पुरंल का, सायबाला इचारा."

"पुरेल," वासंतीबाई म्हणाल्या आणि चष्मा पुसू लागल्या.

बसमधील लोकांनी कॅन्टीनमध्ये बसून लिहिले. दादासाहेबांनी केवळ तीन ओळी लिहिल्या, पण त्यासाठी जेवणाची सुटी पुरली नाही. चालकानेही पत्र दिले. त्यातील मजकूर असा होता की, "मी शपथपूर्वक लिहितो, की आरशातून मागे पाहत राहणे हे माझे कर्तव्य आहे. त्या आरशात मी या गृहस्थास आपल्या पत्नीला रोज पहाटे रस्ता दाखवताना पाहिले आहे. तो कधी झोपी जातो, तरी फोन सरळ धरलेला असतो. असे सोंग कोणी करू शकेल, असे मला वाटत नाही."

झोपी जाण्याचा फोटोही निघाला. फार पूर्वी सिद्धेशने गंमत म्हणून तो टिपला होता. काचेला टेकलेला फोन, त्यात मिनलचा तिळाएवढा चेहरा, बाहेर पुलाचा कठडा, आणि शेजारी तोंड उघडे टाकून घोरणारा धम्मपाल.

"हा नको!" धम्मपाल कळवळून म्हणाला. "निदान तोंड मिटलेला बघा कुठला तरी."

"हाच पहिला लावायचा," मिनलने पडद्यावरून बजावले. "मी या माणसाशी लग्न केलंय. मिटल्या तोंडाचा माणूस कोण, मला माहीत नाही."

"वहिनी, हे ऑडिटमध्ये बसत नाही," सिद्धेश म्हणाला.

"बसमध्ये बसतं ना? मग झालं."

ज्या रविवारी अर्ज रवाना करायचा ठरला, त्या दिवशी घरात सणासारखी लगबग होती. कस्तुराबाईने खीर केली होती. धम्मपालची बहीण सोनू पुनावळ्याहून आली होती. संगणक सिद्धेशचा, आणि तो ठेवला होता त्याच पिठाच्या डब्यावर. कागद एकेक करून वर चढले. प्रायोजकाच्या अर्जावर मिनलची सही झालेली होती. आता एकच बटण दाबायचे उरले होते.

"दाब की रे, कशाची वाट बघतुयास?" कस्तुराबाई म्हणाली.

धम्मपालने बोट पुढे केले आणि मागे घेतले. त्याने वडिलांकडे पाहिले. एवढे दिवस चाललेल्या या धामधुमीत भिवा फारसे बोलले नव्हते. विचारले ते सांगितले, सही मागितली तेथे केली.

"बाबा, तुम्ही दाबा."

भिवा खाटेवरून उठले. त्यांनी उजव्या हाताचे बोट बनियनला पुसले, एकदा, दोनदा, जणू साहेबाच्या टेबलावरील वस्तूला हात लावायचा आहे. मग वाकून विचारले, "ह्योच का?"

"हाच."

त्यांनी बटण दाबले. पडद्यावर चक्र फिरू लागले. चक्र फिरतच राहिले, मग थांबले आणि अर्ज पोहोचल्याचा संदेश उमटला. सोनूने टाळ्या पिटल्या, सिद्धेशने दाराबाहेर धावत जाऊन सबंध गल्लीला वर्दी दिली, फोनमधून मिनल हसत आणि रडत होती. कस्तुराबाईने पहिली वाटी भिवांच्या हाती दिली.

"गेलं?" भिवांनी विचारले.

"गेलं, बाबा."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि खिरीचा पहिला घास त्यांनी मुलाला भरवला.

वर्ष उलटल्यावर मंजुरी आली. विमानतळावर निरोप देण्यास बसमधील माणसे पाळी बदलून गेली होती. त्यात दादासाहेबही होते, आणि तो फिटरही.

आता बसमध्ये धम्मपाल नाही. तथापि डावीकडची खिडकी अद्याप मोकळी असते. आता सिद्धेश तेथे शेजारी बसतो आणि आपला फोन काचेला टेकवतो. पडद्यावर दोन चेहरे असतात, मागे बर्फाची खिडकी असते आणि आरोळी तीच असते, कारण पुलावरून जाताना "वहिनी, इंद्रायणी" म्हटल्यावाचून कोणाला राहवत नाही. आता त्यात "धम्मा, इंद्रायणी" अशी भर पडली आहे.

सांगवीतील धम्मपालच्या थांब्यावर हल्ली चढणारे कोणी नाही; सिद्धेश त्याच्या आधीच्याच थांब्यावर चढतो. धम्मपाल असताना भिवा रोज त्याचा डबा घेऊन तेथवर येत, कारण मुलगा डबा हटकून विसरे. ते अजूनही येतात. हातात काही नसते. इस्त्रीचा सदरा घातलेला असतो, केस विंचरलेले असतात. बस थांब्याजवळ येते, थांबते, दार उघडते. सिद्धेश खिडकीची काच सरकवतो आणि फोन बाहेर वळवतो. भिवा पुढे येत नाहीत. फुटपाथवर ताठ उभे राहून ते एकदा हात वर करतात आणि फोनमधला हात वर होईपर्यंत तसाच ठेवतात. मग ते चालकाकडे पाहून मान हलवतात. दार बंद होते. बस निघते.

तो चालक मीच. कंपनीच्या वेळापत्रकात त्या थांब्याला आता वेळ दिलेली नाही, पण बस तेथे थांबते.

इयत्ता सातवीपर्यंत शिकलेल्या मनुष्याचे हे लिखाण आपण शेवटपर्यंत वाचलेत, त्याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक आभारी आहे. शब्दांत काही उणे-अधिक झाले असल्यास क्षमा असावी. मजकूर मात्र सर्व खरा मानावा, ही विनंती.

आपला नम्र,
बबन रंगराव बोऱ्हाडे
बसचालक, मुक्काम मोशी